आभारांच्या पानावरची एक ओळ

घरात तिला सगळे सूनबाईच म्हणत. बाई देवभोळी. रोज सकाळी प्रार्थना आटोपली की वहीत तारीख घालून लिहायची, ‘देवा, आज अहंकार होऊ देऊ नकोस.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहावं लागे, यावरून काय ते समजावं.

सासरे, म्हणजे बाबा, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. जुन्या इंग्रजी कवितांत, नाटकांत भेटणारे आणि आता कुणाच्याच तोंडी नसलेले शब्द गोळा करून त्यांचा कोश करायचा, हा त्यांचा ध्यास. कोश अर्ध्यावर आला आणि त्यांची नजर गेली. मग वाचायला सूनबाई बसली. सुरुवातीला एकेक अक्षर लावत, ठेचकाळत. नऊ वर्षं, रोज दुपारी, जेवणाचं टेबल पुसून त्यावर चिठ्ठ्या मांडायच्या. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो कुठल्या पुस्तकात कसा आला ते.

‘अनॉन’ हा तिचा लाडका शब्द. “मुळात अर्थ ‘ताबडतोब’,” बाबा सांगायचे. “पण जुन्या नाटकात मालक हाका मारतोय, नोकर आतून ‘अनॉन, अनॉन’ ओरडतोय आणि जागचा हलत नाहीये. असं होता होता अर्थ झाला ‘थोड्या वेळानं’.”

“म्हणजे तुमच्या चिरंजीवांचं ‘आलोच’!” सूनबाई म्हणाली.

‘सिली’चीही तीच गत. आधी पुण्यवान, मग भोळा, मग बिचारा, शेवटी मूर्ख. शेकडो वर्षांचा हा प्रवास सूनबाई स्वतः प्रार्थनेपासून जेवणापर्यंत, एका सकाळीत उरकत असे.

अखेर कोश छापखान्यात गेला. बाबांनी आभारांचं पान सांगितलं, तिनं लिहून घेतलं. डोळ्यांचे डॉक्टर झाले, पुस्तकं घरी नेऊ देणारे ग्रंथपाल झाले, छापखानेवालेही झाले. पेन कागदावर टेकवून ती वाट बघत राहिली.

“पूर्णविराम,” बाबा म्हणाले.

‘मला कुठं नाव हवंय,’ असं तिनं स्वतःला चारदा बजावलं. पाचव्यांदा बजावताना हात आपला आपण चालू लागला: ‘निगर्वीपणे राबणाऱ्या माझ्या सुनेचा मी ऋणी आहे.’ ‘निगर्वीपणे’ हा शब्द तिनं फार विचार करून घातला होता. पान रवाना झालं.

तीन दिवस प्रार्थनेत लक्ष लागेना. डोळे मिटले की ती ओळ दिसे. बाबांना दिसत नाही, म्हणून त्यांच्या तोंडी आपलं कौतुक घातलं! चौथ्या दिवशी तिनं त्यांच्यापुढे बसून सगळं ओकून टाकलं.

 बाबा म्हणाले, “मुखपृष्ठ पाहिलंस?”

“नाही. ते तुम्ही परस्पर फोनवर सांगितलंत ना?”

“संपादक म्हणून दोन नावं सांगितलीत. माझं आणि तुझं. स्वतःचेच आभार कोण मानतं, म्हणून पूर्णविराम दिला होता, वेडाबाई.”

तिनं धावत जाऊन छापखान्यात फोन केला. “ताई, छापून झालं की!” तिकडून उत्तर आलं. “आणि काळजी नको, एक चूक होती ती मीच सुधारली.”

चूक कुठली, ते गठ्ठे घरी आल्यावर कळलं. संपादक दोन, म्हणून त्या गुणी माणसानं ‘माझ्या’चं ‘आमच्या’ केलं होतं, आणि खाली दोघांची नावं. नवऱ्यानं मोठ्यानं वाचलं, “निगर्वीपणे राबणाऱ्या आमच्या सुनेचे आम्ही ऋणी आहोत.” मग तिच्याकडे बघून, “तुला सून कधी आली गं? आपल्याला तर एकच मुलगी!”

मुलगी पोट धरून हसली. बाबांना ठसका लागला.

“खोडते मी,” सूनबाई म्हणाली.

“खोडच,” बाबा म्हणाले. “एकूण एक प्रत. पट्टी लावून.”

आठवडाभर ती टेबलाशी बसून आपलीच स्तुती खोडत होती. नवरा जाता-येता विचारी, “झालं का?” आणि ती म्हणे, “अनॉन!” तीनशे प्रतींपैकी दोनशे नव्व्याण्णवांत आता ती ओळ काळीकुट्ट आहे. शेवटच्या प्रतीला पेनातली शाई संपली, असं सूनबाई सांगते. ती प्रत प्रार्थनेच्या वहीखाली ठेवलेली असते.

घरात पेनं चौदा आहेत.