करंजाच्या तेलाचा वास
बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या वर्षी, यात्रेच्या तोंडावर, शेजाऱ्याच्या बैलाचा खांदा जुवाने सोलवटला. परवा नारायणगावच्या बाजारात करंजाच्या तेलाचा उग्र वास आला आणि तो गोठा आठवला. शेजाऱ्याची वहिनी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने जखम धुवायची, मग करंजाच्या तेलात हळद कालवून लावायची. त्या वासाने माश्या फिरकत नसत. यात्रेच्या सकाळी जखमेवर खपली आली होती. दारात त्याच्या जोडीचे बाकीचे बैल अंगावर गुलाल घेऊन उभे होते. “वैनी, बरा झाला की! जुंपतो,” शेजारी म्हणाला. वहिनीने खपलीच्या कडेला अंगठा दाबला. बैलाचं अंग थरथरलं. “आतून वलं हाय अजून. जुंपायचा न्हाई, भावजी.” “बंदीची सारी वरसं या दिसासाठी थांबलो, वैनी. लोक हसत्याल.” “हसू द्या. खांदा त्याचा हाय, लोकांचा न्हाई.” शेजाऱ्याने जू भिंतीला टेकवून ठेवलं, आणि वहिनीने पाल्याचं पाणी चुलीवर चढवलं. पुढच्या यात्रेत तोच बैल शर्यतीच्या घाटात पळाला. काल मुद्दाम जाऊन त्याच्या खांद्यावरून हात फिरवला; जखम कुठे होती, ते हाताला लागलं नाही.