समक्ष पाहणी

घासलेटचा वास हाताला लागला की तीन दिवस जात नाही. भाकरीला लागतो, उशीला लागतो, आणि सकाळी चेहऱ्यावरून हात फिरवला की आदल्या दिवसाचं सगळं काम पुन्हा समोर येऊन उभं राहतं. त्या मार्गशीर्षात आमच्या दारव्ह्याच्या घरी ओसरीवर हा वास मुक्कामालाच आला होता. दुपार कलली की हिवाळ्याचं पातळ ऊन पोत्यावर मांडलेल्या नटबोल्टांवर उतरे, आणि जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेले कापसाचे पुंजके कुंपणाच्या बाभळीला अडकून वाऱ्यावर थरथरत राहत. सुंदर दिसतं ते. मोर्च्यांसाठी मी पत्रकं लिहिते; त्यांत असलं वाक्य कधी लिहिलं नसतं. पत्रकातला कापूस म्हणजे भाव, आणि भाव म्हणजे संताप.

मोटरसायकल बाबांची. तिच्यावरून त्यांनी हयातभर कचेरी केली. कुठली कचेरी ते लिहीत नाही. नाव घातलं की बाकीच्या कचेऱ्या सुटल्यासारख्या होतात. मीटरची केबल केव्हाच तुटली, आकडा थांबला, गाडी थांबली नाही. बाबा निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि मी पत्रकांचे गठ्ठे मागे बांधून तांड्यातांड्यांवर, पांढरकवड्याच्या जंगलपट्टीपर्यंत हिंडू लागले. मागे निळ्या धुराचा असा लोट सुटायचा की माणसं मला धुरवाली ताईच म्हणत. यंदा मात्र साध्या चढावरही तिला धाप लागायला लागली. इंजिन खोलायचं ठरलं, आणि खोलायचं तर घरीच, हा बाबांचा हट्ट.

ती गाडी मला एका तांड्यासाठी हवी होती. तिथल्या सुगनाबाईचा नवरा कापसाच्या त्या वाईट वर्षांपैकी एका वर्षी, फवारणीचं औषध पिऊन गेला. चौकशी झाली, सरकारी मदतीसाठी प्रकरण अपात्र ठरलं. अहवालात कारण होतं, ‘मयत व्यसनाधीन होता असे समजते.’ त्या माणसाच्या गळ्यात माळ होती, दारूला त्यानं कधी हात लावला नव्हता. सुगनाबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “पैसे नाही भेटले तं नाही भेटले, ताई. पण तो पेत नव्हता. तेवढं खोडा.” आणि चौकशीला कोणी आलंच नव्हतं, हेही तिनं सांगितलं. साहेब येणार म्हणून तिनं निंबाखाली खाट टाकली होती, वर धुतलेली गोधडी अंथरली होती, चहापुरतं दूध मागून आणलं होतं. संध्याकाळी दूध नासलं.

अर्ज करून मी त्या अहवालाची प्रत काढली. वर ठळक लिहिलं होतं, ‘समक्ष पाहणी केली.’ अक्षर वळणदार, टपोरं, प्रत्येक शिरोरेषा पट्टीनं ओढल्यासारखी. त्याच अक्षरात लहानपणी माझ्या वह्यांवर माझं नाव घातलेलं असे. मोर्चात मी शूर आहे, लोक तसं म्हणतात. निगरगट्ट कारकुनांवर मी पानंच्या पानं लिहिलीत. घरात मी तो कागद महिनाभर पत्रकांच्या गठ्ठ्याखाली दडवून ठेवला.

बाबांनी गाडी खोलली ती फाइल सोडावी तशी, पानापानानं. प्रत्येक सुट्या भागासाठी एक जुना डबा, डब्यात दोन बोटांची चिठ्ठी, चिठ्ठीवर भागाचं नाव आणि खाली शेरा. चेन, अपात्र. क्लचप्लेट, अपात्र. चाकाचं बेअरिंग, पात्र. त्यांना त्यात काही खटकलं नाही. आयुष्यभर बोटांना हीच दोन उत्तरं शिकवलेली. मी ते डबे ओळीनं पाहत बसले आणि मला हातातला पाना अंगणात भिरकावावासा वाटला. भिरकावला नाही. सुगनाबाईनं दिलेल्या कवडीच्या गाठोड्यातून, म्हणजे किडक्या, डागाळलेल्या, कोणी भावच न केलेल्या कापसातून मूठभर घेतला आणि इंजिनाचं काळं पुसत राहिले.

सिलिंडर उतरवायला कोपऱ्यावरचे मिस्त्री बब्बूभाई आले. बाबा टाकी चमकवत बसलेले पाहून म्हणाले, “साहेब, तोंडच धुऊन राह्यले काय हिचं? पोट कोन पाहीन?” मग सिलिंडर उजेडाकडे धरून त्यांनी आत बोट फिरवलं. आरशासारख्या असायला हव्या त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत नखांनी ओरबाडल्यासारखे चरे होते. “ही एकदा गरम होऊन जाग्यावर जाम झालती. मंग थंडी झाल्यावर तशीच दामटली. धूर तवापासूनच आसंन.” चरे जाईपर्यंत आतून घासून बोअर करायला बब्बूभाई सिलिंडर घेऊन गेले. बाबा कवडीचा एकच बोळा किती तरी वेळ बोटांत फिरवत राहिले.

मी आत जाऊन तो कागद आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला नाही. स्वतःचं अक्षर ओळखायला लागत नाही. तांड्याच्या फाट्याच्या अलीकडे भर उन्हात गाडी जाम झाली, दोन तास ते पळसाखाली बसून राहिले, अहवाल संध्याकाळच्या आत हवा होता. फाट्यावरचा पानवाला म्हणाला, पीत असंन, तिकडचे सगळेच पितात. कागद त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर ठेवून लिहिला. हे त्यांनी सगळं एका सुरात सांगितलं, आवक-जावक वाचून दाखवावी तसं.

मी म्हणाले, हेच लिहून द्या आणि खाली सही करा. मला वाटलं ते चिडतील, नाकारतील. नाकारणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येतं. ते हळू आवाजात म्हणाले, “किती जणांचं लिहून देऊ, बाई? गाडी काय एकदाच बंद पडली?”

बब्बूभाईंनी सिलिंडर बोअर करून आणून दिला. दोघांनी मिळून व्हॉल्व्ह घासले, नवा पिस्टन बसवला, इंजिन बांधलं. पहिल्याच किकला ते सुरू झालं, शिवणयंत्रासारखं एकसारखं, धुराचा मागमूस नाही. बाबा आत निघून गेले. मी डबे रिकामे करू लागले, आणि जुन्या पिस्टनच्या डब्यात तळाशी चिठ्ठी निघाली. भागाचं नाव नव्हतं. नुसता शेरा होता: ‘समक्ष पाहणी केली नाही.’ तीच टपोरी शिरोरेषा. सही नाही, तारीख नाही, कोणाची पाहणी तेही नाही. कागदांत वाढलेली मुलगी आहे मी. असल्या चिठ्ठीला कुठल्याच टेबलावर काडीची किंमत नसते, हे मला वाचता वाचताच कळलं.

तरी घेऊन गेले. सुगनाबाई अंगणात वाळवण उलथत होती, गाडी थेट दारात येईतो तिनं मान वर केली नाही. “धूर नाही आला, मले वाटलं दुसरंच कोनी हाय,” असं म्हणत तिनं निंबाखाली खाट टाकली. मग विचारलं, “खोडलं काय?”

मी चिठ्ठी काढून वाचून दाखवली. एवढीशी ओळ. तिनं लक्ष देऊन ऐकली आणि शांतपणे म्हणाली, “हे तं मले माहीतच व्हतं.”

मग तिनं विचारलं, कोणी लिहिलं. भोंग्यावरून अधिकाऱ्यांची नावं घेताना माझी जीभ कधी अडखळलेली नाही. तिथं ती टाळ्याला चिकटली; जाम झाली म्हणा. माझ्या मागे उभी होती ती गाडी, ज्याची ती, त्याचं अक्षर माझ्या मुठीत, आणि मी म्हणाले, उशीर होतोय, निघते. खाटेवर बसलेही नाही.

इतकी वर्षं त्या तांड्यावरून परतताना मागे निळा धूर असायचा. त्या दिवशी नव्हता. फाट्याचं वळण येईपर्यंत आरशात सगळं लख्ख दिसत राहिलं: निंबाची सावली, तिच्याबाहेरचं ऊन, आणि सावलीत टाकलेली ती रिकामी खाट.