मुकादमाच्या जागी बदली

मिलच्या सांचाखात्यात, म्हणजे जिथे मागांची धडधड चालायची तिथे, माणूस माणसाला हाक मारत नसे. कानाशी तोंड नेऊन ओरडलात तरी समोरच्याला तुमच्या तंबाखूचा वास तेवढा कळायचा. म्हणून तिथली रीत अशी, की काम असलं की जायचं आणि सदरा ओढायचा. गोपीनाथ तिथे विणकर होता. मी फोल्डिंगला, कापडाच्या घड्या घालायला. त्यामुळे माझे कान शाबूत राहिले आणि त्याचे गेले. घरी आमची मंडळी म्हणायची, "कान राहिले ते बरं झालं हो, पण तोंडही राहिलं ना तुमचं!"

सांचाखात्यात एक काळी कुत्री होती, डब्यातल्या पोळीवर जगणारी. मोडक्या मागाखाली ती व्यायली. पिल्लांचे डोळे उघडले ते त्या गदारोळात. ती कधी भुंकलीच नाहीत. पोळी हवी असली की पायजमा दातात धरायची आणि ओढायची, अगदी आमच्या लोकांसारखी. त्यातलंच एक गोपीनाथने परदेशीपुऱ्यातल्या घरी आणलं आणि नाव ठेवलं मुकादम. का, तर धरून कामाला लावतो म्हणून.

या मुकादमाने खरंच मुकादमी केली. त्याच्या बायकोला, मनोरमावहिनींना, दमा. जोर आला की आवाजच फुटायचा नाही, आणि फुटला तरी गोपीनाथला कुठे ऐकू येणार? मुकादम उठायचा, गोपीनाथ असेल तिथे जाऊन पायजमा धरायचा आणि ओढत आणायचा. मग गोपीनाथ वहिनींना उठवून बसवायचा, पाठ चोळायचा, औषध द्यायचा. वहिनी म्हणायच्या, "भावजी, लग्नात यांनी सात पावलं टाकली, बाकीची सगळी या कुत्र्याने टाकायला लावली."

मग मिलला टाळं लागलं. तो काळच तसा होता. पलासियाला, शहराच्या पैसेवाल्या भागात, काचेची दुकानं चमकायला लागली आणि आमच्याकडे धडधाकट माणसं चौकात पत्ते कुटायला लागली. गोपीनाथ मात्र रिकामा बसला नाही. लोकांच्या खाटा निवारीच्या पट्ट्यांनी विणून द्यायला लागला. खाट खोलीत मावायची नाही, म्हणून काम मागच्या अंगणात. वहिनी आत, हा बाहेर, आणि मध्ये मुकादमाच्या येरझारा.

त्या थंडीत मुकादम म्हातारा होऊन गेला. गोपीनाथने त्याला नाल्याकाठी पुरलं आणि घरी येऊन पहिलं वाक्य बोलला ते असं, "आता हिची हाक कोण आणणार?"

नवा कुत्रा आणायचा हे ठरलं. कुठून आणायचा, यावर मात्र सभा बसली.

त्याचा मुलगा सुशांत पलासियाला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता. तो म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. आमच्या ऑफिससमोर कुत्र्यांची दुकान खुलली आहे. पांढरा, झबरा, एकदम फर्स्टक्लास."

बापाला ऐकू जावं म्हणून तो इतक्या जोरात बोलला, की गल्लीतला रद्दीवाला थांबला.

"काम काय करतो तो?" गोपीनाथने विचारलं.

"काम कसलं बाबा? सोफ्यावर बसतो."

"तो तर मी पण बसीन. सोफा आण."

मी म्हटलं, माझ्या गावाहून आणू, गौतमपुऱ्याकडून. आमच्या तिथली कुत्री म्हणजे काय सांगू! शाळेत असताना आमच्याकडे मोत्या नावाचा एक होता. हिंगोटाच्या दिवशी, म्हणजे फटाक्याची दारू भरलेली फळं पेटवून एकमेकांवर फेकायच्या आमच्या सणाला, पेटते हिंगोट उडायला लागले, की तो शाळेत गुरुजींच्या टेबलाखाली शिरायचा तो चार दिवस तिथेच. गुरुजी हजेरी घेताना शेवटी म्हणायचे, "मोत्या?" आणि आम्ही सगळे ओरडायचो, "हजर!"

"पण भुंकायचा ना?" गोपीनाथ म्हणाला.

"भुंकायचा म्हणजे? देपालपुरात ऐकू जायचं!"

"मग मला काय उपयोग अच्युतभिया? मला ओढणारा पाहिजे. तो मिलमध्येच मिळतो. ती जातच वेगळी."

वहिनी उशीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यापेक्षा माझ्या हाताला दोरी बांधा आणि दुसरं टोक तुमच्या. पतंगासारखी."

गोपीनाथने त्यांच्या ओठांवरून ते वाचलं आणि हसला. पण दोरीचं मनावर घेतलं नाही. मिलच्या कुत्र्यावर त्याचा पक्का भरवसा. आणि खरं सांगू का, त्याचा एकट्याचा नव्हे, सांचाखात्यातल्या सगळ्यांचाच तो समज होता. मिलचा कुत्रा भुंकत नाही, ते त्याच्या रक्तातच नाही, असं सगळे शपथेवर सांगायचे.

बंद फाटकावर उदयसिंह चौकीदार होता. त्याने आम्हाला आत सोडलं. आमच्या पावलांचा आवाज त्या शेडमध्ये असा घुमला की माझ्या अंगावर काटा आला. गोपीनाथला त्यातलं काहीच कळलं नाही. त्याच्यासाठी ती शेड होती तशीच होती. त्या काळ्या कुत्रीची नात कोपऱ्यात व्यायली होती. एक तपकिरी पिल्लू दुडदुडत आलं आणि गोपीनाथच्या चपलेचा पट्टा चावायला लागलं.

"बघ, बघ! ओढतोय!" तो मुलासारखा ओरडला.

उदयसिंह म्हणाला, "ले जाओ भिया. खानदानी है."

नाव ठेवलं बदली. पर्मनंट माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी मिलमध्ये बदली कामगार लागायचा, तसा हा मुकादमाच्या जागी. वहिनी त्याला दूध पाजत म्हणायच्या, "नीट काम कर रे बाबा, नाहीतर साहेब काढून टाकतील."

महिन्याभरात बदलीला कंठ फुटला. आणि काय फुटला! भाजीवाल्यावर भुंकायचा, कावळ्यावर भुंकायचा, स्वतःच्या शेपटीवर भुंकायचा. अहो, तो जन्मला त्या शेडमध्ये सुई पडली तरी ऐकू येत होती. त्याला मुकं राहायचं कारणच काय? गोपीनाथ त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून पायजम्याचं टोक त्याच्या तोंडात द्यायचा. "असं धर. आता ओढ. शाब्बास!" बदली पायजमा चाटायचा. "शिकेल," गोपीनाथ म्हणायचा. "नवीन माणसाला वेळ लागतो."

मी माझ्या बहिणीकडे देपालपूरला गेलो होतो तेव्हा ते झालं. शेजारच्या शारदाबाईंनी मला नंतर सांगितलं. दुपारची वेळ. गोपीनाथ अंगणात पाठमोरा बसून खाट विणत होता. आत बदली भुंकायला लागला. रोजचंच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पण तो थांबेचना, तेव्हा शारदाबाई पुढच्या दाराने आत गेल्या. वहिनी पलंगाच्या कडेला कलल्या होत्या. बदली त्यांच्या हातापाशी उभा राहून भुंकत होता. वहिनी गेल्या होत्या.

शारदाबाई धावत अंगणात आल्या. हाक मारून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक. त्यांनी मागून गोपीनाथचा सदरा ओढला.

त्याच्या हातातली निवार सुटली. मागे वळायच्या आधीच तो आनंदाने ओरडला, "शिकला! मनोरमा, अगं शिकला हा!"

आणि मग वळला.

तेराव्यानंतर सुशांत म्हणाला, "बाबा, हा कुत्रा कुणाला तरी देऊन टाकू. याचा काय उपयोग झाला?"

गोपीनाथने बदलीला मांडीशी घेतलं. मग म्हणाला, "त्याने हाक मारली रे. त्याला येत होती तशी मारली. राहू दे त्याला."

अजून मी संध्याकाळी त्याच्याकडे जातो. बदली त्याच्या मांडीला टेकलेला असतो आणि गोपीनाथचा तळहात त्याच्या गळ्यावर. भुंकणं असं हाताला कळतं म्हणे. काल बोलता बोलता एकदम तळहाताखाली गळा थरथरला, तसं त्याने मला विचारलं, "काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "भाजीवाल्याला शिव्या देतोय."

"बरं," तो म्हणाला, आणि तरीही आत खोलीत जाऊन पाहून आला.