तिसऱ्या हाकेला

ठाण्यात खोपटच्या बाजूला राहणाऱ्या चौबळ जोडप्याला दोन खोडी होत्या, आणि शेजारपाजारच्या बायकांना त्या दोन्ही सहन होत नसत. एक, रजा मिळाली की डोंगर चढायचा. दुसरी, डोंगर उतरला की हॉटेलात जाऊन खायचं. साल एकोणीसशे एकावन्न. मुलींच्या शाळेत शिकवणारी उत्तराबाई लुगडं वर खोचून नवऱ्यामागे कडे चढते, हे एकवेळ पचलं असतं. पण तीच बाई कल्याणला त्र्यंबकरावांच्या उपाहारगृहात, पडद्याआडच्या फॅमिली रूममध्ये बसून मिसळ ओरपते आणि वर आणखी मागवते, म्हणजे काय! "घरी चूल पेटत नाही वाटतं?" एकीने तोंडावर विचारलं. "पेटते की. पण घरी मिसळ मलाच करावी लागते," उत्तराबाई म्हणाल्या.

हरिहरराव सरकारी कचेरीत नकाशे काढत. मलंगगडाशेजारच्या ताहुलीच्या डोंगरावर त्यांचा फार जीव. पायथ्याचा भिवा वाट दाखवायला सोबत असे आणि दर खेपेला उत्तराबाईंना बजावत असे, "बाय, वर कुनी हाक मारली तं लगेच ओ देव नको. तीन डाव मारू दे. दोनावर थांबतं ते मानूस नसतं." हरिहरराव पोट धरून हसत. बायकोला म्हणत, "नाव उत्तरा, आणि उत्तर मिळायला तीन हाका! छान."

हे हसणं एका दुपारी बंद झालं. ताहुलीच्या कड्यावर दोघं शिदोरी सोडून बसली होती. हरिहरराव समोरच काकडी सोलत होते. बाराचा सुमार, वारा पडलेला. खालच्या दरीतून हाक आली, "उत्तराऽ!" आवाज हरिहररावांचा. शेवटचा 'रा' लांबवायची लकबही त्यांचीच. सुरी हातातच थांबली. दुसऱ्यांदा आली, "उत्तराऽ!" आणि मग काहीच नाही.

हरिहररावांनी उठून दरीत चांगला खणखणीत आवाज टाकून पाहिला. काही परत आलं नाही. त्या दरीत आवाज घुमतच नसे. संध्याकाळी त्र्यंबकरावांकडची मिसळ पुढ्यात गार होऊन गेली. उठताना हरिहररावच म्हणाले, "यापुढे डोंगरावर मी तीनदाच हाक मारीन. तिसरी ऐकल्याशिवाय तू ओ द्यायची नाहीस. आणि मीही देणार नाही." उत्तराबाईंनी मान हलवली. त्या स्वतः हाक मारत ती 'अहो' एवढीच. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं.

तीन वर्षं नियम नीट चालला. मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी, त्याच कड्यावर, हरिहररावांना आठवलं की दुर्बीण मागच्या वळणावर राहिली. "आलोच. आज मिसळ नको, थालीपीठ खाऊ," असं सांगून ते वळले. भिवा झऱ्यावर पाणी आणायला गेला होता.

थोड्या वेळाने दरीच्या बाजूने हाक आली. "उत्तराऽ!"

उत्तराबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मोजलं, एक. पुन्हा हाक आली, जरा कापरी. दोन. त्या तिसरीची वाट पाहत बसल्या. तिसरी आली नाही. या खेपेलाही आपण फसलो नाही, असं वाटून त्यांना बरंच वाटलं. नवरा आला की त्याला सांगायचं, म्हणून वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

हरिहरराव भिवाला सापडले, दरीच्या तळाशी. मुठीत मुळासकट उपटलेलं कारवीचं झुडूप होतं. "हात अजून गरम व्हतं, बाय," भिवा म्हणाला. त्याला वाटलं, हे ऐकून बाईंना तेवढंच बरं वाटेल.

त्यानंतर पाच वर्षं उत्तराबाईंनी ना डोंगर पाहिला, ना हॉटेल. कल्याणला जाणं झालंच तर त्र्यंबकरावांच्या पाटीपुढून त्या मान खाली घालून जात. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण जीव कुरतडत होती ती वेगळीच गोष्ट. त्या झुडपाला लटकून हरिहररावांनी दोनदा हाक मारली. बायको जवळच आहे, तिला ऐकू जातंय आणि ती गप्प बसली आहे, हे त्यांना कळत होतं. तिसरीइतका दम राहिला नाही. जाताना ते माझ्यावर रागावून गेले का? हे कोणाला विचारणार?

एकोणसाठ साली, त्याच तिथीला, उत्तराबाई भिवाला घेऊन ताहुलीवर गेल्या. बाराच्या सुमाराला कड्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या.

"बाय, मागं हो," भिवा म्हणाला.

"हरिहर!" त्यांनी हाक मारली. उखाण्याशिवाय नाव घेतलं म्हणून त्या वयातही कानशिलं तापली. दरी गप्प. पान हललं नाही.

"हरिहर!" आवाज फाटला. दरी गप्पच.

भिवाने हातातली घागर खाली ठेवली आणि हात जोडले. उत्तराबाईंना रडू फुटत होतं. उत्तर आलं नाही तर तेही बरोबरच आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि राहिलेला सगळा दम एकवटून तिसऱ्यांदा हाक मारली.

"ओऽ," खालून आवाज आला. अगदी जवळून. शांत, घरात दुसऱ्या खोलीतून द्यावी तशी ओ.

भिवाने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. उत्तराबाई रडत होत्या आणि भराभर उतरत होत्या. आपल्याला भूक लागली आहे, हे पायथ्याशी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

त्र्यंबकरावांनी त्यांना ओळखलं आणि फॅमिली रूमचा पडदा बाजूला केला. "दोन थालीपिठं," उत्तराबाई म्हणाल्या. भिवा बाहेर पायरीवरच थबकला होता. त्र्यंबकराव त्याला म्हणाले, "अरे, आत ये की. बाईंनी तुझंही मागवलंय. जागा आहे."

भिवाने पडद्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"जागा नाय, शेट," तो म्हणाला. "खोली दोगांचीच हाय."