कालची चूक, मग आजचा घाट

आमच्या थोरल्या जाऊबाईंना ट्रकवाले 'रस्तेवाली' म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "घरात दोन शब्द बोलायला हिला सवड नाही, आणि जगाला वाट दाखवत बसते!"

बसस्टँडच्या उपाहारगृहावरची खोली, हेच ते रेडिओ केंद्र. आधी तिथं गाड्यांच्या वेळा सांगणारा नुसता भोंगा होता. पुढे घाटात वाहनं अडकायला लागली, तेव्हा बस कंपन्यांनी मिळून प्रवाशांसाठी केंद्र काढलं. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, तरी खालच्या कपबशा ऐकू येतातच. जाऊबाई पहिल्या दिवसापासून तिथं. माइकची टोपी भाऊजींच्या मोज्याची.

त्यांचा एक नियम आहे. घाट उघडल्याचं फोनवरच्या निरोपावर सांगायचं नाही. घाटातून आलेल्या ड्रायव्हरनं जिना चढून वर यायचं, समोर उभं राहून सांगायचं, मगच. त्याला चहा केंद्राकडून.

मागे दरड पडून घाट बंद होता. दुपारी दुधाचा टेम्पोवाला वर आला. "मोकळा आहे, ताई. आत्ताच उतरलो."

जाऊबाईंनी माइक ओढला आणि घाट उघडल्याचं सांगून टाकलं. टेम्पोवाला खोटं बोलला नव्हता. तो घाटातल्या मधल्या वस्तीवरून आला होता, आणि दरड होती वस्तीच्या पलीकडे. 'कुठून आलास?' एवढंच विचारायचं राहिलं. गाड्या चढावर एकामागे एक अडकल्या. वळायला जागा नाही, पोरं रडून रडून झोपली. संध्याकाळपर्यंत पोलीस एकेक गाडी मागे घेत होते.

केंद्राच्या व्यवस्थापकांना सगळे हळूसाहेब म्हणतात.

"हळू बोला," ते जाऊबाईंना म्हणाले. "नवी दरड पडली म्हणू या. कोण बघायला गेलंय?"

"पण पडली नाही ना!"

"अहो, चूक कबूल केलीत तर कंपन्या तुमची खुर्ची काढून घेतील."

"उद्या मी घाट उघडला म्हटलं आणि कोणी जागचं हललंच नाही, तर ती खुर्ची काय उबवायचीय?"

घरी भाऊजी म्हणाले, "गप्प बस, अंगाशी येईल." जाऊबाई भाजी चिरत राहिल्या. सासूबाई मात्र आतून ओरडल्या, "खोटं बोललीस तर मला कळेल हं! रेडिओ माझ्या उशाशीच असतो."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. म्हातारी रोज ऐकत होती तर!

सकाळी जाऊबाई रेडिओवर म्हणाल्या, "काल मी घाट मोकळा असल्याचं सांगितलं. ते चूक होतं. सांगणारा कुठून आला, ते मी विचारलं नाही. चूक माझी. आज घाट बंद आहे."

थोड्या वेळानं आदल्या दिवशी अडकलेला एक बसचालक धाडधाड जिना चढून आला. हळूसाहेब दारातून बाजूला झाले.

"काल तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या, की आता शिल्लक नाहीत," तो म्हणाला. "घाट उघडला की तुम्हीच सांगा. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर मी गाडी काढणार नाही."

कंपन्यांनी बरेच दिवस खुर्ची टांगणीला लावली. पण चालकच असं बोलू लागल्यावर त्यांचाही आवाज हळू झाला. आता रोज सकाळी जाऊबाई आधी कालची चूक सांगतात, नसेल तर नाही म्हणतात, आणि मग आजचा रस्ता.

टेम्पोवाला अजूनही येतो. जाऊबाईंनी वर बघायच्या आत जिन्यातूनच ओरडतो, "मधल्या वस्तीवरून, ताई! पुढचं मला काही माहीत नाही. चहा मिळेल का?"

"बस," जाऊबाई म्हणतात. "पलीकडचा कोणी येईपर्यंत पी."