शेपटीखालची अक्षरं

पिंप्राळ्यात बर्फगोळ्याच्या प्रत्येक गाडीवर एक म्हैस रंगवलेली असायची. डोळ्यांवर गॉगल, तोंडात लाल गोळा. लहानपणी मला गोळ्यापेक्षा तीच जास्त आवडायची. पुढे मी मोबाइलवरचे गेम बनवायला शिकले आणि पहिल्याच गेममध्ये तिला महामार्गावर पळवलं. गाडीचा फोटो काढून चित्र जसंच्या तसं उतरवलं. शेपटीखाली काहीतरी बारीक होतं, ते डाग समजून पुसून टाकलं.

पुण्याच्या एका कंपनीला गेम आवडला. मी हवेतच होते. मग तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, म्हैस कोणाची? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्याच गाड्यांवर असते, एकाची कशी असेल? त्या शांतपणे म्हणाल्या, कोणीतरी काढली असेलच ना. त्याची लेखी संमती नसेल तर आम्ही गेम घेणार नाही. उद्या त्याने दावा केला तर तुम्हीही अडकाल आणि आम्हीही. माझं डोकंच फिरलं. गोळ्याच्या गाडीवरच्या म्हशीला कसली आलीय संमती? त्याच रागात जुना फोटो मोठा करून बघितला. तो डाग नव्हताच. तिथे लिहिलं होतं, 'पेंटर, नशिराबाद'.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली. नशिराबादमध्ये विचारत विचारत पेंटरचाचांचं घर सापडलं. चाचा सत्तरीचे असतील. फ्लेक्स आल्यापासून त्यांचा ब्रश बंदच होता. मी सगळं खरं सांगितलं. तुमची सही मिळाली नाही तर माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल, हेही सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. म्हैस पळायला लागली तसे ते लहान मुलासारखे हसले. मग खेळ थांबवून त्यांनी चित्र नीट न्याहाळलं.

"म्हैस बराबर उतरवलीस, बेटा," ते म्हणाले. "पण शेपटीखाली मी होतो. मला का काढलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहीसाठी नेलेला संमतीचा कागद पिशवीतून काढायचा धीरच झाला नाही. घरी येऊन आधी ती अक्षरं जागेवर बसवली. आठवड्याने, त्यांचा हक्क आणि वाटा स्पष्ट लिहिलेला नवा कागद घेऊन गेले. त्यांनी तो वाचून घेतला आणि खाली सावकाश, वळणदार अक्षरांत सही केली: 'पेंटर, नशिराबाद'.

बाईंनी कागद परत पाठवला. पूर्ण नाव हवं, म्हणाल्या.

दोनदा त्यांच्या घरी चहा प्याले होते मी. नाव विचारलंच नव्हतं.