कुलपासमोरचा फोटो

नवागामच्या अंगणवाडीतल्या मावशी जंताची गोळी देताना प्रत्येक मुलाची जीभ तपासतात. "चावीसन खा रे भाऊ, गिळू नको," हे त्यांचे पालुपद. उघड्यावर शौच थांबल्याशिवाय जंत परत येणारच, हे आरोग्य खात्यातल्या माझ्या पदवीइतकेच त्यांनाही ठाऊक आहे. पण कुणीतरी फीत कापेपर्यंत वस्तीचे नवे शौचालय कुलूपबंद, आणि मुले नाल्याकाठी. याला म्हणे नियोजन!

यंदा त्यांनी मुलांना शौचालयाच्याच पायऱ्यांवर बसवून गोळ्या दिल्या.

"मावशी, फोटोत कुलूप येतंय," फोटो काढताना आमचे साहेब म्हणाले.

"येऊ द्या ना, साहेब. पोरं तर रोज बघतात."

अहवालात लावायच्या फोटोतून साहेबांनी मला कुलूप कापायला सांगितले. मी कापले.

मावशी भेटल्या की विचारतात, "ताई, वरच्या लोकांना कुलूप दिसलं का?"